धाव, दम आणि कृपा : आपापले अनुभव लिहावेत

बायबलमध्ये प्रेषित पौलाने ग्रीसमधील करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात शर्यतीचे उदाहरण घेतले, ते त्याच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे होते. करिंथजवळ दर २ वर्षांनी इस्थमियन स्पर्धा भरत आणि विजेत्याला पानांचा, लवकरच सुकून जाणारा मुकुट मिळत असे. तेवढ्यासाठी खेळाडू एवढा संयम पाळतो, मग आपले काय, हा प्रश्न मला वर्षानुवर्षे टोचत आला आहे. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळते, हे आपण सारेच मानतो. मग कष्टांचे स्थान कोणते?

मी लांब पल्ल्याची धावपटू आहे. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरमध्ये तिसाव्या किलोमीटरनंतर नवी ताकद कुठूनही येत नाही, कित्येक महिने पहाटे अंधारात बुटांच्या नाड्या बांधून जे साठवले, तेवढेच उरते. आईच्या अखेरच्या आजारपणात रुग्णालयाच्या बाकावर मला प्रार्थनेचा एक शब्दही सुचेना. तेव्हा लहानपणी कंटाळत पाठ केलेले बायबलमधले तेविसावे स्तोत्र ओठांवर आले आणि त्यानेच मला ती रात्र पार करून दिली. आपणही लिहावे, ही विनंती.

माजी जलतरणपटू :
ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर मला पाण्यात मिळाले. पहिले काही आठवडे प्रशिक्षकांनी मला काठाला धरून केवळ मान वळवून श्वास घ्यायला लावले, कारण मी पाण्याशी झगडत होतो आणि झगडणारा बुडतो. अंग सैल सोडले की पाणी उचलून धरते. मात्र हातपाय हलवल्याशिवाय पलीकडचा काठ येत नाही. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आपले तारण साधून घेण्याची आज्ञा आणि आपल्यात इच्छा व कृती घडवणारा देवच आहे हे आश्वासन लागोपाठ येते, त्याचा अर्थ मला असाच लागला. एका सहकाऱ्याला क्षमा करायला मला ३ वर्षे लागली. रोज सकाळी त्याचे नाव घेऊन प्रार्थना करायची, एवढाच सराव होता, आणि मन बदलले ते मात्र माझ्या ताकदीने नव्हे.

फुटबॉलमधील गोलरक्षक :
गोल झाला की जाळ्यातला चेंडू स्वतः काढून द्यायचा आणि लगेच जागेवर उभे राहायचे, असा आमच्या संघाचा दंडक होता. पापाची कबुली देऊन पुन्हा उभे राहणे मी तिथेच शिकलो.

गुडघ्याच्या दुखापतीने खेळ सुटलेला एक जण :
स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी, म्हणजे उपासनेच्या दिवशी, धावायचे नाही म्हणून १०० मीटर शर्यत सोडली आणि ४०० मीटरचे सुवर्णपदक ४७.६ सेकंदांत जिंकले, ही कथा मी तरुणपणी इतरांना कमी लेखण्यासाठी वापरत असे, याची आज लाज वाटते. चीनमध्ये मिशनरी म्हणून गेलेल्या याच माणसाने जपानी नजरकैदेच्या छावणीत मुलांना शिकवले, त्यांचे खेळ घेतले आणि सुटकेच्या काही महिने आधी, फेब्रुवारी १९४५ मध्ये, तिथेच देह ठेवला. पदकाहून ते दिवस मला मोठे वाटतात. सध्या मी दर रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी जाऊन मुलांच्या वर्गातल्या खुर्च्या मांडतो. जिना चढताना गुडघा दुखतो, तरी जातो.