जुन्या डिझेल फोर-बाय-फोरचे ॲव्हरेज: आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-७०३ : नमस्कार. आमच्याकडे २००८ साली घेतलेली, अडीच लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनाची फोर-बाय-फोर जीप आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०२३ मध्ये आरटीओत तिची फेरनोंदणी करून घेतली, त्यामुळे ती २०२८ पर्यंत वापरता येईल. जुन्नरजवळच्या आमच्या शेताकडे जाणारा शेवटचा दीड किलोमीटर पावसाळ्यात दुसऱ्या गाडीने पार होत नाही, म्हणून ती विकण्याचा विचारही नाही. अडचण ॲव्हरेजची आहे. पूर्वी लिटरला अकरा किलोमीटर जाणारी गाडी वर्षभरात ८.४ वर आली आहे. एका गॅरेजमध्ये डिझेलमध्ये मिसळायचे औषध दिले, तर दुसरीकडे इंधनाच्या नळीवर बसवायचे चुंबक सुचवले. ए-१२०४ मधील काकांची सारी नोकरी एस.टी.च्या कार्यशाळेत झाली आहे, म्हणून खर्च करण्यापूर्वी त्यांचे मत हवे आहे.

ए-१२०४ : ताई, चुंबकावर एक रुपयाही घालवू नका, आणि औषधाची दुसरी बाटलीही आणू नका. आधी मला तीन गोष्टी सांगा. ८.४ हा आकडा तुम्ही कसा काढला? वर्षभरात टायर बदलले का? आणि गाडी तासभर चालल्यानंतर तापमानाचा काटा कुठे स्थिरावतो?

बी-७०३ : टाकी पूर्ण भरून, पुन्हा पूर्ण भरेपर्यंतचे किलोमीटर मोजले. टायर गेल्या दिवाळीत बदलले. पूर्वी २३५/७५ आर १५ होते, आता ३१ इंची आहेत. काटा पाव भागाच्या वर जात नाही, हे मला चांगलेच लक्षण वाटत होते.

ए-१२०४ : तुमच्या उत्तरांतच निम्मे निदान आहे. जुन्या टायरचा व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर होता आणि नव्याचा सुमारे ७८७ आहे, म्हणजे चाक एका फेऱ्यात पूर्वीपेक्षा सात टक्के अधिक अंतर कापते, पण ओडोमीटर जुन्याच हिशेबाने आकडा दाखवतो. तो शंभर किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०७ चाललेली असते. त्यामुळे तुमचे खरे ॲव्हरेज ८.४ नसून नऊच्या आसपास आहे. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहा, म्हणजे नेमका फरक कळेल. यापुढे एकाच पंपावर, नळी आपोआप बंद होईपर्यंतच भरा आणि किमान तीन टाक्यांची सरासरी धरा. एस.टी.त आम्ही लिटरला नव्हे, तर दहा लिटरला किती किलोमीटर हा आकडा काढत असू, ज्याला केपीटीएल म्हणतात. लिटरच्या हिशेबात जो फरक दशांशात लपतो, तो दहा लिटरच्या हिशेबात लगेच डोळ्यांत भरतो.

उरलेल्या दोन किलोमीटरांसाठी माझा पहिला संशय थर्मोस्टॅटवर आहे. काटा इतका खाली राहतो, याचा अर्थ बहुधा कोणीतरी तो काढून टाकला आहे. मध्यंतरी गाडी कुठे गरम झाली होती का?

बी-७०३ : हो काका. गेल्या मे महिन्यात माळशेज चढताना गरम झाली होती. त्यानंतर ज्या गॅरेजमध्ये नेली, तिथे एक भाग काढून ठेवला आणि आता पुन्हा त्रास होणार नाही असे सांगितले.

ए-१२०४ : हीच ती चूक, आणि ती पाहून मला आजही मनापासून वाईट वाटते. थर्मोस्टॅट इंजिन गार असताना रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर तापते, आणि साधारण ऐंशी अंशांच्या पुढे गेल्यावर ती वाट उघडतो. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहते, इंजिन आपल्या तापमानाला पोहोचतच नाही, ऑइल घट्ट राहून घर्षण वाढते आणि गार सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही. इंजिन गार आहे असे समजून इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही त्याप्रमाणेच इंधन सोडते. गाडी गरम होण्याचे मूळ कारण मात्र तसेच राहते. ते बहुधा आतून भरलेल्या रेडिएटरमध्ये किंवा पंख्याच्या व्हिस्कस क्लचमध्ये (गरजेनुसार पंख्याला इंजिनाशी जोडणाऱ्या भागात) सापडेल. नवा थर्मोस्टॅट बसवा, पण रेडिएटर साफ करून पंखा तपासल्याशिवाय नव्हे. गार इंजिनातही पंखा सतत घोंघावत असेल, तर क्लच जाम झालेला आहे आणि तो फुकट ताकद खातो आहे.

सी-५०२ : काका, आमची गाडीही फोर-बाय-फोर आहे. पकड चांगली राहावी म्हणून पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावर फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद देऊन) चालवली तर चालते का?

ए-१२०४ : नाही. अशा बहुतेक गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीत, दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो, त्यामुळे फोर-एचमध्ये पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरण्यास बांधलेला असतो. वळणावर पुढच्या चाकांना अधिक अंतर कापावे लागते. चिखलात टायर घसरून हा फरक भरून काढतो, पण डांबर ओले असले तरी तिथे तो सहज घसरत नाही आणि सगळा ताण गिअरांवर येतो. इंधन जाते, टायर झिजतात आणि एखाद्या दिवशी ट्रान्सफर केसही जाते. बी-७०३ च्या ताईंनी आणखी एक पाहावे : पुढचे हब (चाकांना ॲक्सलशी जोडणारे भाग) हाताने फिरवायचे असतील, तर शेतावरून निघताना ते ‘फ्री’वर आणले जातात का? लॉक राहिले तर टू-एचमध्येही (फक्त मागच्या चाकांना ताकद असतानाही) पुढचे ॲक्सल, डिफरन्शियल आणि शाफ्ट चाकांबरोबर ओढले जातात.

बी-७०३ : जूनपासून लॉकच आहेत. माझ्या लक्षात आले नाही.

ए-१२०४ : आजच सोडवा. बाकीचे थोडक्यात सांगतो. वीस मिनिटे चालवून थांबल्यावर चारही रिमजवळ हात न्या. एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाही. काळा धूर येत असेल, तर एअर फिल्टर, इंटरकूलरची (टर्बोची हवा गार करणाऱ्या भागाची) नळी आणि मग डिझेल फवारणारे नोझल, याच क्रमाने पाहा, कारण खर्चही त्याच क्रमाने वाढतो. टपावरचे कॅरिअर गरज नसताना उतरवा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या कोंडीत गाडी मिनिटभराहून अधिक हलणार नसेल, तर इंजिन बंद करा, कारण एवढे इंजिन नुसते चालू राहिले तरी तासाला पाऊण लिटरच्या आसपास डिझेल जाते. टर्बो इंजिन मात्र चढावरून आल्या आल्या बंद करू नये, आधी थोडा वेळ इंजिन संथ चालू द्यावे.

ए-३०१ : घाट उतरताना न्यूट्रल करून इंधन वाचते, असे ऐकत आलो आहे.

ए-१२०४ : हे कृपया कोणीही करू नये. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठा थांबतो आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी उलट इंधन लागते. इंजिन बंद केले तर परिणाम आणखी भयंकर होतो, कारण ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम पंप इंजिनावरच चालतो आणि पेडल दगडासारखे होते. माळशेज उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

बी-७०३ (सात आठवड्यांनंतर) : काका, रेडिएटर निम्मा भरलेला निघाला. तो साफ करून नवा थर्मोस्टॅट बसवला, हब मोकळे केले, मागच्या डाव्या चाकाचा हँडब्रेक धरून राहत होता तो सोडवला आणि कॅरिअर उतरवून ठेवले. टायरचा हिशेब धरून तीन टाक्यांची सरासरी १०.३ आली. काटा आता मधोमध राहतो आणि माळशेजच्या चढावरही हलला नाही. जोरात ॲक्सिलरेटर दाबला तर थोडा काळा धूर अजून दिसतो.

ए-१२०४ : एअर फिल्टर ठीक असेल, तर आता इंटरकूलरच्या नळीकडे वळा. क्लिपखाली तेलकट डाग असेल, तर हवा तिथूनच निसटते आहे. रविवारी सकाळी आठ वाजता गाडी बाहेर काढण्यापूर्वी मला खाली बोलवा. टायर थंड असतानाच हवाही मोजू, गेज माझ्याकडे आहे.