अर्धवट उतरलेलं टॉरेंट मध्येच दुसऱ्या प्रोग्रामवर न्यावं का? माझं मत: न्यावं

गोदाकाठ:

टॉरेंट म्हणजे मोठी फाइल ती असलेल्या अनेक लोकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी उतरवायची पद्धत. ते अर्ध्यावर असताना प्रोग्राम बदलला की उतरलेलं सगळं पाण्यात जातं, असं मला आजवर निदान दहा जणांनी सांगितलं असेल. ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायी लोक नकोशा झालेल्या प्रोग्रामला महिनोन्महिने चिकटून बसतात, म्हणून हा धागा काढतोय.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत इंटरनेट धड चालत नाही. तिथल्या वाचनालयातल्या जुन्या संगणकावर किविक्समधून (इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचा प्रोग्राम) विकिपीडिया बसवून देईन, असं मी बाईंना कबूल केलं होतं. इंग्रजी विकिपीडियाची चित्रांसकट प्रत म्हणजे शंभर जीबीच्या आसपासची एकच फाइल. घरच्या तुटक जोडणीवर ती अठरा दिवस उतरत होती. ७१ टक्के झाले आणि माझा जुना प्रोग्राम गोठायला लागला, दिवसातून तीन-तीन, चार-चार वेळा.

शेवटी तो बंद केला, क्यूबिटटॉरेंट हा दुसरा टॉरेंट प्रोग्राम बसवला, तीच टॉरेंट फाइल (काय उतरवायचं हे सांगणारी छोटी फाइल) दिली, तोच फोल्डर दाखवला. आकडा शून्य! पोटात गोळा आला. कारण मात्र क्षुल्लक निघालं. जुन्या प्रोग्रामने अपुऱ्या फाइलच्या नावामागे स्वतःची शेपटी जोडून ठेवली होती. ही पद्धत बऱ्याच प्रोग्रामांची आहे. ट्रान्समिशन ‘.पार्ट’ लावतो, यूटॉरेंट ‘.!यूटी’, क्यूबिटटॉरेंटला सांगितलं तर ‘.!क्यूबी’. नव्या प्रोग्रामला मूळ नावाची फाइल सापडलीच नाही, म्हणून शून्य. शेपटी काढली, ‘फोर्स रीचेक’ दिलं. यूएसबीवरची जुनी हार्ड डिस्क, त्यामुळे जवळजवळ तास लागला. आकडा आला ७१.२.

हे चालतं कसं, तेही सांगतो. टॉरेंट फाइलमध्ये खुद्द मजकूर नसतो. मजकुराचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याचा २० बाइटचा एसएचए-१ ठसा (हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली खूण) त्या फाइलीत नोंदलेला असतो. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरेंट आणलं तेव्हापासूनची ही रचना आहे. (नव्या दुसऱ्या आवृत्तीत एसएचए-२५६ आहे, तत्त्व तेच.) रीचेक म्हणजे डिस्कवरचा एकेक तुकडा वाचायचा, ठसा काढायचा, यादीशी ताडायचा. तुकडा कोणत्या प्रोग्रामने आणला हे कुणी विचारत नाही. ठसा जुळला की तो तुकडा आपला.

म्हणून ज्यांचा प्रोग्राम छळतोय त्यांनी ‘हे एक डाउनलोड संपू दे, मग बघू’ म्हणत बसू नये. आजच हलवावं.

सुतारपक्षी:

गोदाकाठ, तत्त्व बरोबर, सल्ला चूक. तुमचं निभावलं, कारण तुमच्याकडे एकच फाइल होती आणि ती पुरवणारे भरपूर लोक होते.

माझं उदाहरण घ्या. इंटरनेट आर्काइव्हवरून जुन्या मासिकाचे साठेक अंक एका संचात आले होते. प्रत्येक अंकाची पीडीएफ आणि शेजारी पानांच्या प्रतिमांची भली मोठी झिप. मला झिप नको होत्या, फक्त पीडीएफवर खुणा केल्या. आता टॉरेंटच्या लेखी सगळ्या फाइली एकापुढे एक चिकटवलेली लांबच लांब पट्टी असते आणि तुकडे त्या पट्टीचे पडतात. फाइल कुठे संपली याची तुकड्याला पर्वा नाही. त्यामुळे पीडीएफचा शेवटचा तुकडा बहुतेक वेळा शेजारच्या झिपमध्ये घुसलेला असतो. झिप तर आपण घेत नाही. मग तिच्या वाट्याचा मजकूर जुना प्रोग्राम वेगळ्या फाइलीत साठवतो, आणि आपलं तिकडे लक्षही जात नाही.

मी प्रोग्राम बदलला तेव्हा ती फाइल मागेच राहिली. रीचेकनंतर पूर्ण झालेल्या पीडीएफ ९८, ९९ टक्क्यांवर आल्या. साठ अंक, प्रत्येकाची दोन टोकं, म्हणजे शंभरावर तुकडे पुन्हा मागवावे लागले. आर्काइव्ह स्वतःच्या सर्व्हरवरून तुकडे पुरवतं म्हणून ते मिळाले. एखाद्या हौशी माणसाने घरून लावलेला संच असता आणि त्याने संगणक बंद केला असता, तर कायमचे ९९ टक्के.

माझं म्हणणं एवढंच: जे चालू आहे ते जुन्यातच संपवा, नवीन डाउनलोड नव्या प्रोग्रामात लावा. काही दिवस दोन्ही ठेवले तर बिघडत नाही.

रात्रपाळी:

सुतारपक्षींशी सहमत, आणि माझं कारण आणखी साधं आहे. पुरवणारा एकच उरला असेल तर प्रत्येक तास मोलाचा असतो. रीचेक होईपर्यंत डाउनलोड थांबतं. त्या तासाभरात समोरचा गेला तर? माझ्यासोबत हे झालंय. बंद पडलेल्या एका नियतकालिकाचं स्कॅन होतं, ८३ टक्क्यांवर अडकलं ते आजतागायत.

शिवाय खासगी ट्रॅकरवर (कोणती फाइल कुणाकडे आहे हे फक्त सभासदांना सांगणारा सर्व्हर) असाल तर आधी नियम वाचा. तिथे कोणते प्रोग्राम चालतात याची यादी असते. यादीबाहेरचा प्रोग्राम लावला तर ट्रॅकर दाद देत नाही.

गोदाकाठ:

रात्रपाळी, एकुलता पुरवणारा असेल तर थांबावं, हे मी धाग्यात लिहायला हवं होतं. मान्य.

सुतारपक्षी, तुमच्या उदाहरणात मात्र एक गफलत आहे आणि ती महत्त्वाची आहे. पीडीएफ ९८ टक्के दाखवत होती तेव्हा तुम्ही ती उघडून पाहिलीत का? ती पूर्णच होती. पीडीएफच्या वाट्याचे सगळे बाइट डिस्कवर होते, रीचेक त्यांना पुसत नाही. तुकड्याचा झिपकडचा भाग हाताशी नव्हता, म्हणून ठसा जुळला नाही, म्हणून आकडा उतरला. टक्केवारी कमी झाली, मजकूर गेला नाही. पुरवणारा कुणी नसता तरी तुमचे साठच्या साठ अंक तुम्हाला वाचता आले असते.

सुतारपक्षी:

उघडून पाहिली नव्हती, हे खरं. आकडा बघून घाबरलो आणि पुन्हा मागवायला लावलं.

चाफेकळी:

दोघांचंही वाचलं. पण गोदाकाठ, तुम्ही ‘मला वाचता आलं’ एवढ्यावर थांबलात, आणि टॉरेंटमध्ये आपण एकटे नसतो.

जो तुकडा माझ्याकडे पूर्ण नाही तो मी पुढच्याला देऊ शकत नाही. सुतारपक्षींचं उदाहरण पुढे न्या. मूळ पुरवणारा गेला, आता तो संच फक्त त्यांच्याकडे आहे. मी मागायला आले. मला पीडीएफचा शेवटचा तुकडा मिळणारच नाही. आणि पीडीएफमध्ये कोणती वस्तू कुठे आहे याची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटीच असते! ती नसली की बरेच वाचक-प्रोग्राम फाइल बिघडली म्हणून हात वर करतात. म्हणजे त्यांच्याकडे अंक धड आणि माझ्याकडे मोडका, केवळ हलवताना ती एक फाइल मागे राहिली म्हणून. दुर्मीळ मराठी मासिकांच्या बाबतीत हे मला फार लागतं. अशा संचांना कित्येकदा दोन-तीनच माणसं धरून असतात.

ती मागे राहणारी फाइल नेता येते की नाही हे प्रोग्रामांच्या जोडीवर आहे. क्यूबिटटॉरेंट आणि डेल्यूज दोन्ही लिबटॉरेंट या एकाच लायब्ररीवर (प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड) चालतात. तुकड्यांची फाइल ती लायब्ररीच बनवते, ‘.पार्ट्स’ शेवट असलेली, डाउनलोडच्याच फोल्डरमध्ये. ती सोबत न्यायची आणि न घेतलेल्या फाइलींच्या खुणा रीचेकच्या आधी काढायच्या. पण यूटॉरेंटमधून आलात तर त्याची तुकडा-फाइल त्याच्या स्वतःच्या पद्धतीची, ती इकडे उपयोगाची नाही.

आजोळ:

मी शिक्षिका आहे, तुमच्याइतकं तांत्रिक कळत नाही, पण ‘आजच हलवा’ वाचून राहवलं नाही. असाच सल्ला मी गेल्या वर्षी ऐकला. नवीन प्रोग्राम बसवला, मॅग्नेट लिंक (टॉरेंट फाइलीऐवजी द्यायचा दुवा) पुन्हा दिली, सुरू केलं. जुना बंद केलाय असं मला वाटत होतं, तो खाली घड्याळाशेजारी चालूच होता. नव्याने आपल्या वेगळ्याच फोल्डरमध्ये पहिल्यापासून उतरवायला घेतलं. सकाळी लॅपटॉपची जागा संपलेली आणि महिन्याचा डेटाही. तो डेटा माझ्या मुलीच्या ऑनलाइन शिकवणीचा होता.

दादा, तुम्हाला रीचेक ठाऊक आहे म्हणून तुम्हाला हे सोपं वाटतं. आमच्यासारख्यांना अर्धं वाक्य सांगू नका.

गोदाकाठ:

आजोळताई, चूक माझी. अर्धंच सांगितलं. पूर्ण सांगतो.

जुन्या प्रोग्रामात डाउनलोड थांबवायचं आणि मग प्रोग्राममधून ‘एक्झिट’ करायचं. खिडकी बंद केली की तो बंद झाला असं समजायचं नाही. एकाच फाइलवर दोन प्रोग्राम कधीही लिहीत असू नयेत. मॅग्नेट लिंकवर विसंबायचं नाही. तिच्यात फक्त टॉरेंटची ओळख असते, तुकड्यांची यादी दुसऱ्या कुणाकडून मागवावी लागते आणि त्या वेळी कुणी नसेल तर नवा प्रोग्राम नुसता वाट पाहत राहतो. म्हणून टॉरेंट फाइलच हवी. जुन्या प्रोग्रामने ती आपल्याकडे जपलेली असते. क्यूबिटटॉरेंटमध्ये, उदाहरणार्थ, ‘बीटी बॅकअप’ नावाच्या फोल्डरात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नव्या प्रोग्रामात टॉरेंट घालताना ‘स्टार्ट टॉरेंट’ची खूण काढायची. जागा म्हणून जुनाच फोल्डर दाखवायचा. संच असेल तर ‘कंटेंट लेआउट’ पाहायचं, कारण तिथे उपफोल्डरचा पर्याय वेगळा पडला की प्रोग्राम भलतीकडे शोधतो आणि शून्य दाखवतो. नावाची शेपटी काढायची. मग रीचेक, आणि आकडा पटला तरच सुरू. शून्य आलं तर काहीही सुरू करायचं नाही, नाव आणि जागा पुन्हा तपासायची. ‘स्किप हॅश चेक’ला (ठसे न तपासता पुढे जायचा पर्याय) हातही लावायचा नाही. अर्धी फाइल पूर्ण आहे असं त्या खुणेने प्रोग्राम धरून चालतो.

आणखी एक. एक्सप्लोररमध्ये फाइल शंभर जीबीची दिसली म्हणजे शंभर जीबी उतरले असं नसतं. बरेच प्रोग्राम जागा आधीच अडवून ठेवतात.

सुतारपक्षी:

म्हणजे बघा, ‘आजच हलवा’ म्हणायला दोन परिच्छेद अटी लागल्या. मी अजूनही म्हणतो, जुन्यातच संपवा. आणि तुमचा आकडा, ७१.२. जुन्या प्रोग्रामात तो किती होता?

गोदाकाठ:

७१.४. हो, ०.२ गेले, म्हणजे सुमारे २०० एमबी. जे तुकडे अर्धेमुर्धे भरलेले होते त्यांचा ठसा जुळणं शक्य नव्हतं, ते नव्या प्रोग्रामने नव्याने मागवले. त्याची टोचणी मला नाही. गोठणाऱ्या प्रोग्रामने मला दिवसाला त्याहून जास्त गमवायला लावलं होतं.

आणि ‘जुन्यातच संपवा’ हे नेहमी सुरक्षित असतं असंही नाही. २०१५ मध्ये यूटॉरेंटसोबत एपिक स्केल हा आपल्या संगणकाची ताकद वापरून आभासी नाणी (क्रिप्टो) खणणारा प्रोग्राम लोकांच्या संगणकांवर उतरल्याचं प्रकरण गाजलं होतं. असं काही कळल्यावर २९ टक्के संपायची वाट पाहायची?

रात्रपाळी:

नाही, अशा वेळी नाही. पण क्यूबिटटॉरेंट, ट्रान्समिशनसारखा मुक्त स्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना पाहता येतो असा) प्रोग्राम म्हटलं की डोळे मिटायचे, हेही नको. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशनच्या अधिकृत संकेतस्थळावरच मॅकसाठीच्या २.९० आवृत्तीत केरेंजर हे खंडणीचं सॉफ्टवेअर घुसवलेलं सापडलं होतं. क्यूबिटटॉरेंट कितीतरी वर्षं डाउनलोडच्या वेळी सुरक्षा प्रमाणपत्र नीट तपासत नव्हता, ते २०२४ च्या ५.०.१ मध्ये दुरुस्त झालं. हलवाच, पण नवी आवृत्ती घेऊन.

चाफेकळी:

सुतारपक्षी, तुमचा तो मासिकांचा संच अजून आहे का? तुकडे परत आलेत म्हणालात, म्हणजे टोकंही पूर्ण असतील. सुरू ठेवणार असाल तर मला हवाय. मी यावेळी झिपसकट सगळा घेईन, जागा केली आहे.

सुतारपक्षी:

आहे. रात्री दहानंतर सुरू ठेवतो, सकाळी सहापर्यंत. झिप मात्र माझ्याकडे नाहीत, त्या आर्काइव्हवरूनच येतील.