मदत हवी आहे: वस्तीने वेढलेली घरची शेती फायद्यात कशी ठेवावी?

नमस्कार. आमची वडिलोपार्जित शेती आता तीन बाजूंनी घरांनी वेढली असून, गेल्या हंगामात बांधाला लागूनच मोजणीच्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. जमिनीचा भाव पिकाच्या उत्पन्नाऐवजी प्लॉटच्या मागणीवर ठरू लागला की शेजारची जमीन विकत घेऊन क्षेत्र वाढवणे परवडत नाही. शिवाय कुंपणांमुळे ट्रॅक्टरची वाट अडते, फवारणीच्या वासाच्या तक्रारी येतात आणि अवजारे दुरुस्त करणारे कारागीर दूर निघून जातात. हा शेवटचा तोटा सहसा कुणी हिशेबात धरत नाही.

धान्य कमी करून भाजीपाला आणि रोपवाटिकेकडे वळावे व माल थेट ग्राहकांना विकावा, असा विचार आहे. गिऱ्हाईक दाराशी आले, एवढाच वस्तीचा फायदा! पण मजुरी आणि विक्रीत जाणारा आपला स्वतःचा वेळ धरल्यावर हाती नेमके किती उरते, हे ज्यांनी वहीत मांडून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न विकासहक्कांचा, म्हणजे जमिनीवर घरे-इमारती बांधण्याच्या हक्काचा आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीने (जिल्हा प्रशासनाने) १९७४ मध्ये केवळ विकासहक्क विकत घेऊन जमीन शेतकऱ्याच्याच मालकीची व शेतीखाली ठेवण्याची योजना आखली. अशा व्यवहारातून आलेल्या पैशात शेती न करणाऱ्या भावंडांचे हिस्से चुकते करणे कुणाला जमले आहे का, आणि पुढच्या पिढीवर पडणाऱ्या कायमच्या बंधनाबद्दल घरात एकमत कसे झाले?