अ‍ॅन्सिबल: एकच टास्क फाइल वेगवेगळी मूल्ये देऊन बोलावली, तरी आधीचे मूल्य का टिकून राहते?

प्रश्न

नमस्कार. आमच्या दोन सर्व्हरवर पाच लहान वेब अ‍ॅप्लिकेशन्स चालतात आणि प्रत्येकासमोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे. सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या अ‍ॅन्सिबलच्या प्लेबुकमध्ये (करायच्या कामांच्या फाइलमध्ये) प्रत्येकासाठी तीच सात-आठ टास्क पुन्हा पुन्हा लिहिलेली होती. फरक केवळ डोमेन, फोल्डर आणि पोर्ट यांचा होता. ही पुनरावृत्ती टाळण्यासाठी मी ती सर्व टास्क ‘साइट’ नावाच्या स्वतंत्र फाइलमध्ये नेली आणि आता मुख्य प्लेबुकमधून ‘इम्पोर्ट टास्क्स’ने ती पाच वेळा बोलावतो, प्रत्येक वेळी ‘व्हार्स’ (व्हेरिएबल्स) खाली त्या त्या अ‍ॅप्लिकेशनची मूल्ये देऊन.

पहिल्या अ‍ॅप्लिकेशनला मी पोर्ट देत नाही, म्हणून फाइलच्या आरंभी एक टास्क ठेवले आहे: ‘पोर्ट’ दिलेला नसेल, तर ‘सेट फॅक्ट’ने (व्हेरिएबलला मूल्य देणाऱ्या मॉड्यूलने) तो ८०८० ठरवावा. दुसऱ्याला मी ९००० स्पष्ट देतो, तरीही त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ८०८० उमटतो. पहिले अ‍ॅप्लिकेशन वगळून प्लेबुक चालवले, तर मात्र ९००० बरोबर येतो. माझे काय चुकते आहे?

उत्तर १

आपण दिलेले शेवटचे निरीक्षण फार उपयोगी आहे, कारण दोष दिलेल्या मूल्यात नसून ‘सेट फॅक्ट’मध्ये आहे हे त्यातूनच दिसते.

टास्क फाइलला मूल्ये देऊन बोलावणे हे दिसायला फंक्शनला आर्ग्युमेंट देण्यासारखे असले, तरी फंक्शन संपताच त्याची स्थानिक व्हेरिएबल्स नाहीशी होतात, तशी सोय येथे नाही. ‘सेट फॅक्ट’ने ठरवलेले मूल्य त्या टास्क फाइलचे नसते, ते त्या होस्टचे (सर्व्हरचे) होते आणि प्लेबुकची ती संपूर्ण फेरी संपेपर्यंत, पुढच्या प्लेमध्ये (प्लेबुकच्या पुढच्या भागात) सुद्धा, टिकून राहते. त्यातच व्हेरिएबलच्या अग्रक्रमाचा नियम येतो. अ‍ॅन्सिबलच्या दस्तऐवजात या अग्रक्रमाच्या २२ पायऱ्या दिल्या आहेत. त्यांत टास्कला जोडलेल्या ‘व्हार्स’पेक्षा ‘सेट फॅक्ट’ आणि ‘रजिस्टर’ (टास्कचा निकाल व्हेरिएबलमध्ये साठवणे) यांचे स्थान वरचे आहे, आणि सर्वांत वर कमांड लाइनवरून ‘-e’ने दिलेली मूल्ये आहेत. म्हणून पहिल्या वेळी ठरलेला ८०८० आपण नंतर दिलेल्या ९००० वर मात करतो.

यावर उपाय असा की, ते ‘सेट फॅक्ट’ पूर्णपणे काढून टाकावे. फाइलमधील सर्व टास्क एका ‘ब्लॉक’मध्ये ठेवून त्या ब्लॉकच्या ‘व्हार्स’खाली ‘वापरायचा_पोर्ट’ असे नवे नाव घ्यावे आणि त्याचे मूल्य ‘साइट_पोर्ट’ला ‘डिफॉल्ट’ फिल्टर लावून, म्हणजे तो नसल्यास ८०८०, असे लिहावे. हे मूल्य ज्या वेळी लागते त्याच वेळी काढले जाते आणि ब्लॉकबाहेर उरत नाही. ‘पोर्ट’सारखे सामान्य नाव सोडून ‘साइट_’ हा उपसर्ग मी जाणीवपूर्वक सुचवला आहे. दुसऱ्या कोणी इन्व्हेंटरीत (सर्व्हरच्या यादीत) किंवा अन्य रोलमध्ये (टास्क, टेम्प्लेट आणि मूल्यांच्या पुन्हा वापरता येणाऱ्या संचात) ‘पोर्ट’ हेच नाव वापरले, तर हाच त्रास दुसऱ्या वाटेने परत येईल.

‘रजिस्टर’बाबतही जपावे. ‘व्हेन’ या अटीमुळे वगळलेले टास्कसुद्धा आपल्या रजिस्टर व्हेरिएबलमध्ये ‘वगळले’ अशी नोंद लिहिते. त्यामुळे नंतरच्या टास्कने कमांडचे आउटपुट तेथून वाचायचा प्रयत्न केला, तर ते सापडत नाही.

उत्तर २

वरील निदान अचूक आहे. पाच वेळा बोलावण्याऐवजी पुढे लूप लावावासा वाटेल, म्हणून थोडी भर घालतो. लूप केवळ ‘इन्क्लूड टास्क्स’ला लावता येतो (तेही टास्क फाइल बोलावते, पण प्लेबुक चालताना), कारण ‘इम्पोर्ट’ प्लेबुक वाचतानाच उलगडले जाते. साइट फाइलच्या आतही एखादा लूप असेल, तर दोन्हींचे ‘आयटम’ (लूपमधील चालू घटकाचे नाव) एकमेकांवर आदळतात. तेव्हा बाहेरच्या लूपला ‘लूप कंट्रोल’मधून ‘साइट’ असे वेगळे नाव द्यावे.

टॅगच्या बाबतीत ‘इन्क्लूड’ अनेकांना चकवते. त्याला लावलेला टॅग आतल्या टास्कपर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्यासाठी ‘अप्लाय’खाली तोच टॅग पुन्हा द्यावा लागतो. ‘इम्पोर्ट’मध्ये तो आपोआप उतरतो.

एनजिनएक्स रीलोड करणारा हँडलर (सूचना मिळाल्यावरच चालणारे टास्क) मुख्य प्लेमध्येच ठेवावा आणि त्यात साइटचे कोणतेही मूल्य वापरू नये. हँडलर सहसा प्लेच्या शेवटी चालतो, तेथे ‘इन्क्लूड’ला दिलेली मूल्ये उपलब्ध नसतात, आणि पाच वेळा सूचना मिळाली तरी तो एकदाच चालतो, जे आपल्याला हवेच आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. ‘सेट फॅक्ट’ काढल्यावर पाचही अ‍ॅप्लिकेशन्सना आपापले पोर्ट मिळाले. मात्र पहिल्या प्रयत्नात मी ब्लॉकमध्ये नवे नाव न घेता ‘साइट_पोर्ट’चे मूल्य ‘साइट_पोर्ट’वरूनच काढले आणि टेम्प्लेटमध्ये स्वतःकडेच फिरून येणारा लूप सापडल्याची त्रुटी आली. नाव बदलताच ती गेली. डोमेन द्यायचे राहून गेले, तर प्लेबुकने सर्व्हरला हात लावण्यापूर्वीच थांबावे, असे करता येईल का?

उत्तर १ देणाऱ्याचा प्रतिसाद

होय. सध्याच्या रचनेत ब्लॉकचे पहिलेच टास्क ‘असर्ट’ ठेवावे, ‘साइट_डोमेन’ दिलेले आहे आणि रिकामे नाही हे त्यात तपासावे आणि चूक झाल्यास कोणते मूल्य राहिले ते संदेशात स्पष्ट लिहावे. ही तपासणी प्रत्येक बोलावण्याच्या आरंभी होते, त्यामुळे तिसऱ्या साइटचे डोमेन राहिले असेल, तर पहिल्या दोन साइट्सचे काम तोवर झालेले असेल. तेही नको असल्यास पाचही साइट्सची एक यादी करून ती प्लेच्या ‘प्री टास्क्स’मध्ये एकदम तपासावी.

आपल्या फाइलसोबत टेम्प्लेटही आहे, म्हणून मी तरी याचा रोल करीन. रोलच्या ‘डिफॉल्ट्स’ फोल्डरमधील मूल्यांचा अग्रक्रम फार खालचा असतो, त्यामुळे ८०८० तेथे ठेवला की तो कोणालाही सहज बदलता येतो आणि ब्लॉकमधील ते वेगळे नावही लागत नाही. शिवाय आवृत्ती २.११ पासून रोलच्या ‘मेटा’ फोल्डरमध्ये ‘आर्ग्युमेंट स्पेक्स’ लिहिता येतात: कोणते मूल्य अनिवार्य आहे, कोणते पूर्णांक असायला हवे, हे तेथे नोंदवले की रोलचे पहिले टास्क चालण्याआधीच तपासणी होते. रोलच्या आत ‘सेट फॅक्ट’ वापरले, तर ते मूल्यही होस्टवर तसेच टिकून राहते, एवढे मात्र लक्षात असू द्यावे.