बोका नवीन खाणं खात नाहीये, कोणतं आणू?

मृदगंध: तीन किलोची पिशवी आणली. दहा दिवस खाल्लं, आता कालपासून नुसता वास घेऊन पाठ फिरवतो. दुकानदार म्हणतो ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेलं न्या, मैत्रीण म्हणते घरी शिजव. आमच्याकडे मांस-मच्छी शिजत नाही. चांगला ब्रँड तेवढा सांगा, संध्याकाळी दुकानात जायचंय.

डोंबिवलीकर: वय? वजन? नसबंदी झालीये का? पाणी पितो का? काहीच न सांगता ब्रँड कसा सांगणार?

माईंचा_वाडा: ब्रँड कशाला हवा? आमची मनी दूधपोळीवर १६ वर्षं जगली.

खारवी: माई, मनी वाड्यातल्या उंदरांवर जगली. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीत असतं. कमी पडलं की डोळे जातात, हृदय कमजोर होतं. फ्लॅटमधल्या बोक्याला उंदीर कुठून मिळणार? बांगडा बिनमिठाचा उकडा, काटे काढून द्या.

माईंचा_वाडा: उंदीर मारायची, हे खरं. पण दूधही रोज प्यायची.

ब्रुनोचे_बाबा: आमच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याला मी चिकन, भात, लाल भोपळा एकत्र शिजवतो. कांदा-लसूण अजिबात नाही, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. उरलेलं वरणही घालू नका, फोडणीत लसूण असतोच.

डोंबिवलीकर: बाबा, प्रश्न बोक्याचा आहे.

ब्रुनोचे_बाबा: कांदा-लसूण मांजरांनाही वाईटच, म्हणून लिहिलं.

मृदगंध: वय ४, साडेपाच किलो, नसबंदी झालीये. फक्त कोरडं खातो, पाणी कमीच पितो. सुकट चालेल का? बद्धकोष्ठही झालंय वाटतं. सकाळपासून पाच-सहा वेळा ट्रेमध्ये जाऊन बसला, ओरडतो, वाळू कोरडीच. एरंडेल देऊ?

डोंबिवलीकर: एरंडेल नको, सुकट नको. हे आधी सांगायला हवं होतं! लघवी तुंबलेली असू शकते. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, पूर्ण अडकली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. दुकान राहू दे, आत्ता डॉक्टरकडे न्या.

खारवी: खरंच निघा. पोट दाबून बघू नका.

मृदगंध (तीन दिवसांनी): लघवीच तुंबली होती. भूल देऊन नळी घातली, स्फटिक निघाले. आज घरी आणला. सलाईनसाठी पुढच्या पायावरचे केस काढलेत, तिथेच चाटत बसतो. डॉक्टरांनी लघवीसाठीचं खास ओलं खाणं दिलंय. कोरड्यात पाणी जेमतेम १० टक्के असतं, ओल्यात ७५च्या आसपास, हे मला माहीतच नव्हतं. पाऊच फ्रिजमध्ये ठेवायला सासूबाई नको म्हणत होत्या. काल त्यांनीच झाकणाचा डबा आणि वेगळा चमचा काढून दिला. तुम्ही सगळ्यांनी हटकलं नसतं तर मी एरंडेल पाजलं असतं. आता एकच विचारायचंय, थोडं चाटून सोडून देतो, ते वाटीत किती वेळ ठेवू?

खारवी: या उकाड्यात तासाभरात उचला. फ्रिजमधलं गार देऊ नका, चमचाभर कोमट पाणी घाला. वास सुटतो आणि पाणीही पोटात जातं.

माईंचा_वाडा: बरं झालं बाई, वाचला. आता मला सांगा, नातीच्या मांजराला सारखे जुलाब होतात. ती रोज वाटीभर दूध देते. दुधाने होत असेल का?

डोंबिवलीकर: असू शकेल, माई. बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. दूध आजपासून बंद करायला सांगा, तरी थांबले नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. त्या मांजराचं वय किती?