मदत हवी आहे: सबमिशनच्या दिवसांत कोणती सवय सांभाळावी?

नमस्कार. मी पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर धाराशिव जिल्ह्यात असून येथे दोन मुलींसोबत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन, राहते. पहिल्या वर्षी गणिताचा पेपर राहिला आणि त्यानंतरचे दोन महिने फार कठीण गेले. रात्री झोप लागत नसे, सकाळी उठवत नसे आणि तासाला बसले तरी समोरचे काही डोक्यात शिरत नसे. शेवटी मैत्रिणीच्या आग्रहामुळे महाविद्यालयातील समुपदेशकांना भेटले. त्यांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि आधी उठण्याची व जेवणाची वेळ ठरवण्यास सांगितले. तेव्हा हे मला फार किरकोळ वाटले होते, पण याच दोन गोष्टींनी मला सावरले, हे मनापासून सांगते.

आता मी साडेसहाला उठते. गजर लावलेला फोन दाराजवळच्या फडताळात, स्टीलच्या डब्यात ठेवते. डब्यात आवाज असा घुमतो की उठून तो बंद करावाच लागतो, आणि रात्री फोन हाताशी नसल्यामुळे अंथरुणात पडून तो बघणेही आपोआप सुटले. उठल्यावर वीस मिनिटे उन्हात चालते, आणि रविवारी वेताळ टेकडीवर जाते. संध्याकाळी आईला फोन करते. पूर्वी "जेवलीस का?", "हो" एवढ्यावर बोलणे संपायचे, आता दिवसभरात घडलेली एक तरी गोष्ट तिला नीट सांगते आणि तिच्याकडून सोयाबीनच्या काढणीची हकिकत ऐकते. त्या दहा मिनिटांत मन हलके होते.

जेवणाचे एक निरीक्षण सांगावेसे वाटते. रविवारी रात्री मेस बंद असते. मी चहा-बिस्किटांवर भागवायचे आणि सोमवारी सकाळपासून विनाकारण चिडचिड व्हायची, पण या दोन गोष्टींचा संबंध असेल हे कित्येक महिने माझ्या लक्षात आले नाही. आता गावाकडून आणलेली कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही एवढे तरी त्या रात्री खाते.

माझी खरी अडचण सबमिशनच्या आठवड्यात सुरू होते. जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) पूर्ण करायचे, सह्यांसाठी रांगेत थांबायचे, वायवाची म्हणजे तोंडी परीक्षेची तयारी करायची आणि लगेच लेखी परीक्षेला बसायचे, या धावपळीत मागच्या सत्रात चार दिवसांतच सगळ्या सवयी एकदम सुटल्या. रात्री दोनपर्यंत जागरण, त्यासाठी चार-चार कप चहा आणि आईचा फोन आला की "नंतर करते" असे उत्तर. परीक्षा संपल्यावर आठवडाभर अंथरुणातून बाहेर यावेसे वाटले नाही. कॅलेंडरवर रोजच्या सवयींच्या खुणा करत होते, पण तेथील मोकळ्या चौकटी पाहून आणखीच अपराधी वाटू लागले.

म्हणून अनुभवी मंडळींना विचारते: सगळे सांभाळणे शक्य नसेल, तेव्हा कोणती एक सवय कोणत्याही परिस्थितीत सोडू नये? सुटलेल्या सवयी परत धरताना सगळ्या एकदम धराव्यात की एकेक? आणि ओझे न वाटता नोंद ठेवण्याची एखादी पद्धत आहे का?

प्रतिसाद:

मी पंधरा वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. एकच सवय राखायची असेल तर उठण्याची वेळ राखा. झोपायला एखाद्या रात्री उशीर झाला तरी उठण्याची वेळ आणि सकाळचे ऊन चुकले नाही, तर शरीराचे घड्याळ फारसे बिघडत नाही. दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होते ते झोपेत, त्यामुळे जागून केलेल्या अभ्यासातले बरेचसे वाया जाते. चहातील कॅफीन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात. दुपारी चारनंतरचा चहा त्या आठवड्यात तरी बंद ठेवा. सवयी परत धरताना एकेक धरा. मोकळ्या चौकटींचा त्रास होत असेल तर कॅलेंडर बाजूला ठेवा, नोंद ठेवलीच पाहिजे असे नाही.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगतो. उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिली, आवडत्या गोष्टींतही मन रमेनासे झाले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर सवयींवर विसंबून राहू नका. समुपदेशकांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

धागाकर्तीचे उत्तर:

सर, मनःपूर्वक आभार. १४४१६ हा क्रमांक आम्ही तिघींनी आपापल्या फोनमध्ये जतन केला आहे. मागच्या वेळची उदासी आठवड्याभरात ओसरली होती, तरीही या वेळी परीक्षा संपताच समुपदेशकांना भेटण्याचे आधीच ठरवून ठेवते. साडेसहाची वेळ आता सोडणार नाही. एक शंका उरते: रात्री दोनला झोपून साडेसहाला उठले, तर दुपारी झोप घ्यावी का, आणि किती वेळ घ्यावी म्हणजे रात्रीची झोप बिघडणार नाही?