क्रॉलर-म्युलर: आधी शिल्पबाग की आधी व्हॅन गॉग?

रानवाटा: नेदरलँड्समधल्या होगे वेलुवे राष्ट्रीय उद्यानातलं हे संग्रहालय. बहुतेक जण थेट व्हॅन गॉगच्या दालनात शिरतात आणि बागेला शेवटचा अर्धा तास देतात. हे साफ चूक आहे. बाग 25 हेक्टरची, शिल्पं दीडशेच्या वर, आणि ती साडेचारलाच बंद होते. दालनं पाचपर्यंत उघडी असतात. शिल्पकार मार्ता पानचं पांढरं तरंगतं शिल्प वाऱ्याबरोबर सावकाश वळतं. त्याचं तळंही त्याच्याचसाठी आखलेलं आहे. घाईत गेलात तर ते वळतंय हेसुद्धा लक्षात येणार नाही.

गेरू: अजिबात पटलं नाही. उन्हातून आत आलं की डोळे सरावेपर्यंत चित्रं मळकट दिसतात. रात्रीच्या कॅफेचं 1888 सालचं चित्र घ्या. त्यातला पिवळा-निळा ताज्या डोळ्यांनीच बघावा. दहाला दार उघडताच आत जा. बागेतली ब्राँझची शिल्पं दुपारीही तिथंच असतात.

पायंडल: वादाआधी तिथवर पोचायचं बघा. उद्यानाचं तिकीट वेगळं, संग्रहालयाचं वेगळं. सोमवारी सहसा बंद. उद्यानाच्या ओटरलोकडच्या फाटकातून संग्रहालय साधारण अडीच किलोमीटर, शार्सबर्गनकडून दहाच्या आसपास, म्हणजे फाटक चुकलं की सकाळ गेलीच. पांढऱ्या सायकली फुकट मिळतात, पण ब्रेक पायंडलातच असतो. आपल्याकडे सवयीनं पायंडल उलटं फिरवतो, तसं केलंत तर सायकल जागीच थांबते आणि मागचा अंगावर येतो. निघताना पायंडल वर आणायचं तर सायकल जरा पुढे ढकलावी लागते. कुलूप नसतं, बाहेर आल्यावर आपली गेलेली असेल तर दुसरी घ्या. त्यामुळे सामान सायकलवर ठेवू नका.

रानवाटा: @गेरू, सायकलवरून येणाऱ्याचे डोळे सकाळीही उन्हातूनच आलेले असतात की! बॅग लॉकरमध्ये ठेवा, दहा मिनिटं आत बसा, मग चित्रांकडे वळा. हे दुपारी दोनलाही जमतं. साडेचारनंतर बागेत मात्र कुणी सोडत नाही.

गेरू: दहा मिनिटांचं मान्य. पण थकव्याचं काय? तीन तास चालल्यावर माणूस चित्रापुढे उभा राहत नाही, बाक शोधतो. माझा क्रम तोच राहील, फक्त दालनांतून एकपर्यंत बाहेर पडायचं.

पायंडल: एक अपवाद दोघांनीही धरा. बागेतलं फ्रेंच कलाकार द्युब्युफेचं पांढऱ्यावर काळ्या रेषांचं शिल्प, ज्यावर आतल्या जिन्यानं चढता येतं, ते ओलं झालं की निसरडं होतं म्हणून बंद ठेवतात. हिवाळ्यातही तेच. ढग दिसले तर पोचल्या पोचल्या आधी ते गाठा.